निर्यातीच्या दाण्याची तूट काट्यावर ठरू द्या

महोदय,

जळगावच्या एमआयडीसीत ठिबकच्या नळ्या आणि प्लास्टिकच्या चटया निर्यातीसाठीही तयार होतात. त्यांना लागणारा दाणा, म्हणजे प्लास्टिकचा कच्चा माल, अॅडव्हान्स ऑथरायझेशनवर, म्हणजे जुन्या भाषेतल्या अॅडव्हान्स लायसन्सवर, सीमाशुल्क आणि आयजीएसटी (आयातीवरील जीएसटी) न भरता आयात करता येतो. किती आणायचा, याची मर्यादा प्रमाणित निविष्टा-उत्पादन निकषांनी, म्हणजे किती तयार मालाला किती कच्चा माल धरायचा याच्या सरकारी आकड्यांनी, ठरते. निकष नसेल तर उद्योजक स्वतःच्या घोषणेवर परवाना घेऊन माल आणू शकतो. परदेश व्यापार महासंचालनालयाची दिल्लीतील नॉर्म्स कमिटी मर्यादा नंतर ठरवते. बहुतेकांचे पाय याच 'नंतर'मध्ये अडकतात.

काळ्या लॅटरल नळीचेच, म्हणजे पिकाच्या ओळीतून जाणाऱ्या ठिबकच्या नळीचे, उदाहरण घ्या. आयएस १२७८६ या भारतीय मानकाप्रमाणे तिच्यात कार्बन ब्लॅक, म्हणजे कार्बनची काळी पूड, २.५ टक्के, अर्धा टक्का कमी-अधिक, असावा लागतो. ४० टक्के कार्बन असलेला मास्टरबॅच, म्हणजे प्लास्टिकमध्ये आधीच मिसळलेला रंगाचा दाट दाणा, वापरला, तर १०० किलो नळीत तो ६.२५ किलो बसतो आणि एलएलडीपीई, म्हणजे पॉलिथिनचा मूळ दाणा, ९३.७५ किलो. पण मास्टरबॅचचा उरलेला ६० टक्के भागही प्लास्टिकच असतो, हे विसरून अर्जात एलएलडीपीई पूर्ण १०० किलो आणि वर मास्टरबॅच ६.२५ किलो लिहिले जाते. १०० किलोच्या नळीत १०६.२५ किलो माल कसा मावला, हे कोणी विचारले की उत्तर नसते.

दुसरी चूक तुटीची. समजा एक्स्ट्रूडरमध्ये, म्हणजे दाणा वितळवून नळी काढणाऱ्या यंत्रात, १,००० किलो दाणा टाकला आणि ९४० किलो चांगली नळी निघाली. उरलेल्या ६० किलोत सुरुवातीची वाकडी-पातळ नळी, रंग बदलतानाचा माल, जळालेले लोंदे आणि जाळीवरचा गाळ असतो. त्यातला ४५ किलो दळून परत त्याच यंत्रात गेला, तर खरी तूट १५ किलोच. ९४० किलो नळीसाठी दाणा लागला ९५५ किलो, म्हणजे किलोला १.०१६. फाइलमध्ये मात्र १,००० भागिले ९४०, म्हणजे १.०६४ असे चढते. डाळमिलवाल्याला हे समजावावे लागत नाही. तुरीतून निघालेली चुनी, टरफल आणि धूळ तो वेगवेगळी तोलतो.

दोन्ही चुका एकत्र आल्या की १०० टन नळीसाठी ११३ टनांवर माल मागितला जातो. नीट हिशेबाने लागतो १०१.६ टन: एलएलडीपीई ९५.२५ आणि मास्टरबॅच ६.३५. जवळपास साडेअकरा टनांचा फरक. कमिटीने मर्यादा खाली आणली की जादा आणलेल्या मालावर शुल्क आणि व्याज दोन्ही भरावे लागते, आणि तोवर तो दाणा बहुधा वापरून झालेला असतो. उरलेला दाणा बाजारात विकून सुटकाही होत नाही. हा माल प्रत्यक्ष वापरणाऱ्यासाठीच असतो, निर्यातीचे बंधन पूर्ण झाले तरी.

खरेदीदाराच्या करारात दळलेला माल चालत नसेल, तर ते ४५ किलो तुटीत धरता येतात. पण मग ते भंगारात गेल्याची वजनपावती आणि विक्रीचे बिल हवे. इनलाइन नळीत थेंब सोडणारे ड्रिपर आतच बसवलेले असतात, ते नगावर मोजावेत: ४० सेंटिमीटर अंतराला १०० मीटरमध्ये २५० नग. नळी मीटरमध्ये विकली जाते आणि निकष किलोत असतो, म्हणून प्रत्येक व्यासाचे व जाडीचे मीटरमागचे वजन आधी तोलून ठेवावे. शिपिंग बिलात, म्हणजे निर्यातीच्या सीमाशुल्क दस्तऐवजात, गुंडाळीचे वेष्टण वगळून निव्वळ वजनच यावे.

शिपिंग बिलात 'पॉलिमर' एवढेच लिहिणे फार महागात पडते. प्रत्यक्ष वापरलेल्या दाण्याचे नाव तिथे हवे आणि ते बिल ऑफ एंट्रीतील, म्हणजे आयातीच्या सीमाशुल्क दस्तऐवजातील, वर्णनाशी जुळले पाहिजे, नाहीतर परवाना बंद होताना अडतो. मास्टरबॅच देशातूनच घेतला असेल तर तो आयातीच्या यादीत ठेवूच नये. देशी आणि आयात दाण्याची खाती नोंदवहीत पहिल्या दिवसापासून वेगळी असावीत. वर्षअखेरीस अंदाजाने भरलेली वही तपासात टिकत नाही. परवान्यावर आयातीला १२ महिने आणि निर्यातीला १८ महिने मिळतात, त्यात ही कागदपत्रे मागाहून जुळवायला वेळ उरत नाही.

एक अपेक्षा महासंचालनालयाकडूनही आहे. साधी लॅटरल, इनलाइन नळी आणि विणलेली चटई यांची तूट सारखी नसते. चटईत आधी नळीवजा काडी ओढली जाते, मग मागावर विणताना काठ कापले जातात, आणि रंग दिवसातून अनेकदा बदलतात. रंग मिसळलेला दळलेला माल फिक्या चटईत परत जात नाही, म्हणून तिथे तूट खरोखरच जास्त असते. प्लास्टिकच्या वस्तूंना एकच सरसकट आकडा लावला की चटईवाला कारण नसताना तोट्यात जातो. हे निकष प्रक्रियेच्या टप्प्यांनुसार वेगळे करावेत.

त्यासाठी आकडे इथूनच जायला हवेत. खान्देशातील उद्योजक संघटनांनी प्रत्येक प्रक्रियेच्या किमान पाच-सहा कारखान्यांत महिनाभर प्रत्येक पाळीला दाणा, चांगला माल, दळलेला माल आणि टाकाऊ हे चारही आकडे तोलून घ्यावेत. चार्टर्ड इंजिनिअरने ते यंत्राजवळ उभे राहून तपासावेत, आणि मगच निकषासाठी एकत्रित अर्ज करावा.

– प्लास्टिक प्रक्रिया उद्योगातील एक अभियंता, जळगाव