ऐरोलीच्या सिस्टरना, एका शेजाऱ्याकडून

आदरणीय सिस्टर,

सप्रेम नमस्कार.

आपण निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, तरी आमच्या सोसायटीत आपल्याला कोणी नावाने हाक मारत नाही, म्हणून या खुल्या पत्राचा मायनाही मी तसाच ठेवला आहे. आभार मानण्यास उशीर झाला, कारण त्याआधी एक कबुली द्यावी लागणार होती.

२०२४ च्या गणेशचतुर्थीला, ७ सप्टेंबरला, आपण दर्शनाला आलात. पत्नीच्या मेंदूतील गाठीची शस्त्रक्रिया होऊन, खारघरला सहा आठवड्यांत किरणोपचाराच्या ३० मात्रा पूर्ण होऊन सव्वा महिना झाला होता. आरतीच्या मध्येच ती उठून आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतले. ‘उपचार संपले ना, मग आता काय होतंय हिला?’ असे एका नातलगाने विचारले, तेव्हा मी गप्प राहिलो. पण मनात तोच प्रश्न मीही घोळवत होतो, किंबहुना आळस हा शब्दही माझ्या मनात येऊन गेला होता. आपण आत जाऊन पंखा कमी केलात, पडदा ओढलात, दहा मिनिटे एक शब्दही न बोलता तिच्याजवळ बसलात आणि नंतर मला गॅलरीत बोलावलेत.

तिथे आपण जे समजावलेत, ते डॉक्टरांनीही सांगितले होते. मी ते अर्धवट ऐकले होते. हा थकवा झोपेने उतरत नाही. किरणोपचार थांबले म्हणून तो थांबत नाही, उलट पुढच्या काही आठवड्यांत वाढूही शकतो आणि रुग्ण दिवसचे दिवस पेंगत राहतो. त्यात गाठीचा, शस्त्रक्रियेचा आणि आकडी येऊ नये म्हणून चाललेल्या गोळ्यांचा, असा अनेकांचा वाटा असतो. ‘ऐकणं हेसुद्धा तिच्या मेंदूला काम आहे,’ हे आपले वाक्य मात्र मला पूर्णपणे नवे होते. मिक्सर, टीव्ही आणि एकाच वेळी बोलणारी दोन माणसे यांतून हवा तो आवाज निवडण्याचे जे काम आपले डोके नकळत करते, तेच करताना ती दमून जात होती.

आपण दिलेल्या शंभर पानी वहीत आम्ही दिवसातून तीनदा, दहापैकी थकवा किती, ते लिहू लागलो. पंधरवड्यात दिसले की आंघोळीनंतर चार असणारा आकडा माहेरच्या फोननंतर सात होतो. (सासूबाईंना हे सांगणे हा एक वेगळाच पराक्रम होता.) सकाळी दहा ते बारा हा तिचा बरा वेळ ठरला, भाजी निवडणे, पाहुणे, बँकेची सही, सारे त्यात बसवले आणि दोन कामांच्या मध्ये, ती दमण्याआधीच, विश्रांती ठेवली.

याच वहीमुळे माझी एक चूकही उघडी पडली. मेंदूची सूज कमी करणाऱ्या डेक्सामेथासोनची दुपारची गोळी मी ‘जेवणानंतर’ या शब्दावर विसंबून रात्री देत होतो, आणि ती पहाटे तीनपर्यंत छताकडे पाहत जागी राहत होती. सोफ्यावरून उठताना तिच्या मांड्या थरथरत, त्यामागेही याच औषधाने स्नायूंना येणारा अशक्तपणा असू शकतो, असे आपण सांगितलेत. मात्र गोळी मनाने एकदम बंद करायची नाही, अशी सक्त ताकीदही दिलीत. डॉक्टरांनी मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवली आणि हिमोग्लोबिन व थायरॉइडही तपासून घेतले. ते ठीक निघाले. त्यानंतर सोसायटीच्या आवारात पाच मिनिटांनी चालणे सुरू झाले. ते वीस मिनिटांवर यायला जानेवारी उजाडला. त्याच महिन्यात ती खाडीकाठी जाऊन फ्लेमिंगो पाहून आली आणि पुढचे दोन दिवस झोपून राहिली. त्या वेळी मी चिडलो नाही, एवढी नोंद माझ्या बाजूने व्हावी.

थकवा गेलेला नाही. परवा वहीत सहा होता. पण आता ‘मी दमले’ असे ती म्हणते तेव्हा तिला पुरावा द्यावा लागत नाही, आणि हे आपल्यामुळे झाले.

यंदाही गणपतीला अवश्य यावे, शक्यतो दहा ते बाराच्या दरम्यान. आरती टाळ्यांवर होईल. झांजा मी माळ्यावर टाकल्या आहेत.

आपला कृतज्ञ,
खालच्या मजल्यावरचा शेजारी