टुकेराच्या मालकाला उडवून काय होणार?

बंड्या,

लेका शनिवारी तू गेम अर्ध्यातच सोडून उठून गेलास आणि जाता जाता म्हणालास, "त्या टुकेरा लाइन्स जहाज कंपनीच्या मालकाला उडवू ना सरळ, विषय संपेल." मेसेजमध्ये मावेना म्हणून पत्रच लिहितोय.

ट्रॅव्हलर हा अंतराळातला रोल-प्लेइंग गेम 1977 चा, त्यात असले शॉर्टकट चालत नाहीत रे. आधी आपल्या जहाजाचा हिशोब बघ. 200 टनी फ्री ट्रेडर, म्हणजे छोटं मालवाहू अंतराळयान, किंमत 3 कोटी 70 लाख 80 हजार क्रेडिट, 20 टक्के आधी भरायचे आणि मग दर महिन्याला 1,54,500 चा हप्ता, तोही 480 महिने. 40 वर्षं! बाबांचं घराचं कर्ज पण 20 वर्षांत फिटलं. महिन्यात जंप (एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे उडी) होतात दोन, माल मावतो 82 टन, टनाला हजार भाडं, म्हणजे खच्चून भरलं तरी 1,64,000. पॅसेंजरचे वर मिळतात, पण इंधन, पगार, मेंटेनन्स सगळं त्यातूनच. आता टुकेरा लाइन्सची अकेरुट नावाची पिल्लू कंपनी आपल्या रूटवर आली आणि टनामागे दोनशे कमी घेतले तर? गोळी कशाला झाडतील, बँकच आपलं जहाज ओढून नेईल.

आणि मालक कोण, तर सरदार घराणं. ब्लेन टुकेराची बायको मार्गारेट म्हणजे डेल्फी नावाच्या प्रदेशाची डचेस. पुढे 1116 साली (त्यांच्या कॅलेंडरप्रमाणे, आपला गेम 1105 मध्ये आहे) ड्युलिनॉर नावाचा सरदार सम्राट स्ट्रेफॉनला मारतो तेव्हा ही बाई गादीवर हक्क सांगते. जहाजं सासरची, रक्त दरबारचं! सोयरीक अशी असावी.

पण खरी गंमत वेगळीच. एक जंप म्हणजे आठवडा, मग तू एक पार्सेक (साधारण सव्वातीन प्रकाशवर्षं) जा नाहीतर सहा, आणि बातमी जहाजाबरोबरच जाते, रेडिओ-बिडिओ काही नाही. म्हणजे तू तिकडे ब्लेनला उडवलास तरी आपल्याकडच्या अकेरुटच्या मॅनेजरला कळायला कित्येक महिने, तोवर तो शांतपणे रेट पाडत बसणार, आणि कळल्यावरही पाडणारच कारण तोवर घरातलाच कुणीतरी खुर्चीत बसलेला असेल. म्हणूनच एवढ्या सेशनमध्ये गेम चालवताना तुम्हाला एकही टुकेरा दाखवला नाही मी, मुद्दाम.

मला वाटतं मेन रूट सोडून आडबाजूची दोन-तीन गरीब जगं धरावीत, तिथे हे लोक फिरकत नाहीत. शनिवारी ये, आणि यायच्या आधी गेल्या महिन्याचा हप्ता कुठून भरायचा तेवढं बघ, खात्यात 61,000 उरलेत.

तुझा,
विक्या