मिलीचा पाना, इंची बोल्ट

संपादक महोदय,

विंटेज गाड्यांच्या नोंदणीचे केंद्राचे नियम २०२१ मध्ये आले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेली, धंद्यात नसलेली आणि चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा बदल न झालेली गाडी त्यात बसते. जुनी पिकअप उभी करायची तर चेसिस साफ करायला हौदा, म्हणजे मागची सामानाची पेटी, उतरवणे आलेच. नेमके तिथे आटे गेलेला किंवा डोके गोल झालेला बोल्ट दिसला की गॅस कटर पेटतो. बोल्ट नवा मिळतो. पण चेसिसचे भोक एकदा कापून लांबट झाले की पुढचा कोणताही बोल्ट तिथे सरळ बसत नाही, आणि मूळ चेसिस मूळ राहत नाही.

बरेच बोल्ट गंजाने नव्हे, चुकीच्या पान्याने बिघडतात. जुन्या अमेरिकन पिकअप आणि जीपच्या वंशातल्या गाड्या इंची मापाच्या. ३/८ इंच जाडीच्या बोल्टचे डोके ९/१६ इंच, म्हणजे १४.२९ मिमी. १४ चा पाना चढत नाही, १५ चा सैल बसतो आणि कोपरे खातो. फसगत अशी की १/२ बोल्टच्या डोक्याला (१९.०५ मिमी) १९ चा पाना चपखल बसतो, ७/१६ च्या डोक्याला १६ चा. एकदोन ठिकाणी जमले की मिस्त्रीला वाटते, सगळीकडे मिलीचे चालेल.

नटाचेही तेच. ३/८ बोल्टवर १० मिलीचा नट सैल चढतो, पण आटे अर्धेमुर्धेच धरतात. आवळला की साफ. जुन्या ब्रिटिश गाडीत व्हिटवर्थ (जुन्या ब्रिटिश मापाचे) आटे निघाले तर आणखी गोंधळ. ३/८ मापात व्हिटवर्थ आणि अमेरिकन जाड आटे, दोन्ही इंचाला १६. नट चढतो, पण एकाचा कोन ५५ अंश, दुसऱ्याचा ६०. १/२ मापात मात्र १२ आणि १३, म्हणून दोन-तीन फेऱ्यांत जाम. थ्रेड गेज (आटे मोजायची दातेरी पट्टी) लावा, नाहीतर जुना बोल्ट दुकानात सोबत न्या.

गोल झालेले ९/१६ डोके काढायला १४ मिलीचा सहा कोनांचा सॉकेट हातोडीने ठोकून बसवा. बारा कोनांचा नको, तो घसरतो. आदल्या रात्री तीन-चार वेळा रस्ट ओपनर (गंज सोडवणारे तेल) सोडा. डिझेलनेही भागते, वेळ जास्त लागतो. सकाळी आधी किंचित आवळा, मग सोडा. पुढे-मागे करत काढलेला बोल्ट सहसा तुटत नाही. तुटलाच तर मधोमध पंच मारून ३ मिमीपासून ड्रिल वाढवत न्या. गच्च जाम बोल्टात ईझी-आउट (तुटका बोल्ट काढायची उलट्या आट्यांची सळई) घालू नये. तो आत तुटला तर त्याच्या कडक पोलादात साधे ड्रिल शिरत नाही.

लाकडी तळाच्या हौद्याचे दुखणे निराळे. तिथे घुमटी डोक्याचा, चौकोनी मानेचा कॅरेज बोल्ट असतो. फळ्यांमधल्या लोखंडी पट्टीखाली पाणी मुरून मान गंजते, भोक मोठे होते आणि नट फिरवला की बोल्टही सोबत फिरतो. इथे जोराचा उपयोग नाही. घुमटावर ग्राइंडरच्या १ मिमी चकतीने खाच पाडून जाड पेचकसाने धरा. त्याहून चांगले म्हणजे डोक्यावर एक नट वेल्ड करून त्याला पाना लावा. त्या उष्णतेने आतला गंजही सुटतो. दोन्ही जमत नसेल तर खालून नटावर उभी खाच कापून छिन्नीने फोडा. वेल्डिंगआधी बॅटरीची तार काढा, लाकडावर ओले गोणपाट टाका आणि पेट्रोलची टाकी कुठे आहे ते पाहा: १९५० च्या दशकातल्या शेव्हरोलेट पिकअपमध्ये ती केबिनमध्ये सीटमागे असते, जुन्या जीपमध्ये ड्रायव्हरच्या सीटखाली.

हौद्याच्या आडव्या पट्टीत वेल्ड केलेल्या नटाचे आटे गेले असतील तर पत्र्यातच टॅप मारणे (नवे आटे पाडणे) फुकट आहे. २-३ मिमी पत्र्यात जेमतेम दोन आटे पडतात. जुना नट घासून काढा आणि नवा वेल्ड करा, किंवा मागे जाड पट्टी देऊन आरपार बोल्ट घाला.

आणि बोल्ट टाळून हौदाच चेसिसला वेल्ड करण्याची युक्ती तर नकोच. खड्ड्यांत चेसिस पिळते. हौदा लाकडी ठोकळ्यांवर किंवा रबरावर ठेवतात तो त्यासाठीच. वेल्ड केला की आधी टाका तडकतो, मग त्याच्या कडेने चेसिस.

परत बसवताना रबर चेपून फुगेल इतके आवळू नका. साध्या ३/८ बोल्टला सुक्या आट्यांवर सुमारे २७ न्यूटन-मीटर टॉर्क (आवळण्याचा जोर) पुरतो. अँटी-सीझ (आटे चिकटू न देणारे मलम) लावले तर चौथा हिस्सा कमी. स्टेनलेस स्टीलच्या बोल्टवर स्टेनलेसचाच नट असेल तर अँटी-सीझ हवेच, नाहीतर आटे एकमेकांत चिकटतात. इथल्या लकडगंजच्या लाकूडबाजारातून सागाच्या फळ्या घेतल्या तर वाळलेल्याच घ्या, तरीही आपल्याकडच्या मे महिन्यात त्या आकसणार. म्हणून पहिल्या ५०० किलोमीटरला आणि पहिल्या उन्हाळ्यात नट पुन्हा तपासावेत.

— जुन्या गाड्यांचे काम करणारे काही फिटर, नागपूर