मे महिन्यात फूल दिसेल, त्या दारात फांदी मागावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरापुढच्या पहिल्या फुलबागेबद्दल आपल्या रविवारच्या पुरवणीत गेले तीन आठवडे मजकूर येतो आहे. तिन्ही कात्रणं मी ठेवली आहेत. पण त्यात सुरुवातच हिरवळ अंथरण्यापासून आहे. आमच्या दारव्हा तालुक्यात अंथरलेली हिरवळ पावसाळ्यात शेजाऱ्याच्या शेळ्यांची असते आणि मेमध्ये कोणाचीच नसते. म्हणून हे पत्र.

मी एसटीचा निवृत्त कंडक्टर. यवतमाळ–दारव्हा–दिग्रस–पुसद या रस्त्यावर ३१ वर्षं तिकिटं फाडली. खिडकीतून लोकांची अंगणं पाहायची सवय लागली ती तिथेच. जानेवारीत कुणाच्याही दारात फुलं असतात, त्याचं कौतुक नाही. मेच्या दुपारी तीन वाजता, रस्त्यावर कुत्रंही नसताना ज्या दारात लाल जास्वंद दिसे, ते दार मी ध्यानात ठेवायचो.

एवढं पाहूनही स्वतःची बाग लावताना फसलोच. निवृत्तीच्या पहिल्या हिवाळ्यात टेम्पोवाल्याकडून ११ गुलाब घेतले, कळ्या लगडलेले. सोयरे येऊन फोटो काढून गेले. नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागायच्या आत त्यातले ९ वाळले. उपटून पाहिले तर पिशवीतल्या लाल मातीचा गोळा विटेसारखा घट्ट, जसाच्या तसा, आणि मुळं त्यातच गुंडाळलेली. भोवतालची काळी माती सुकून बाजूला सरकलेली, मध्ये बोट जाईल एवढी भेग. मी रोज घातलेलं बादलीभर पाणी त्या भेगेतून खाली उतरत होतं. आता पिशवीतलं रोप आणलं की गोळा आधी पाण्यात भिजवतो, कडेची माती हलक्या हाताने मोकळी करतो, आणि दीड फुटाच्या खड्ड्यात काळी माती व कुजलेलं शेणखत कालवून मगच लावतो.

काळ्या मातीने आणखी एक धडा दिला. वाफ्याभोवती मिस्त्रीकडून सिमेंटचा कट्टा करून घेतला होता. एका पावसाळ्यात माती फुगली, उन्हाळ्यात आकसली, कट्ट्याला तीन ठिकाणी तडे. आता अर्ध्या विटा तिरप्या पुरल्या आहेत. माती हलली की त्याही हलतात, तुटत काही नाही. घराच्या भिंतीला लागून वाफा तर करूच नये. रोजच्या पाण्याने पायाजवळची माती फुगते आणि भिंतीलाही तेच तडे जातात. मी भिंतीपासून तीन फूट मुरूम टाकून पायवाट केली आहे.

बाग लावायची पावसाळ्यात, पण आखायची उन्हाळ्यात, असं माझं मत झालं आहे. २० मेच्या आसपास आमच्याकडे भर दुपारी माणसाची सावली पायाखाली येते. तेव्हा घराच्या कोणत्याच बाजूला आडोसा नसतो. डिसेंबरात उलट: माझ्या १० फूट उंच भिंतीची दुपारची सावली उत्तरेला जवळजवळ १० फूट पडते. त्या पट्ट्यात झेंडू लावून मी एक अख्खा हिवाळा घालवला; झाडं उंच झाली, फुलं मोजून सात. पूर्वेला सकाळचं ऊन आणि तिसऱ्या प्रहरी घराची सावली, म्हणून वाचलेले दोन गुलाब आणि मोगरा तिकडे. पश्चिमेची झळ सोसायला बोगनवेल, कण्हेर, खाली सदाफुली आणि चिनी गुलाब. कण्हेरीला शेळ्या तोंड लावत नाहीत हा फायदा; पण ती विषारी आहे, घरात रांगतं लेकरू असेल तर नको. न्हाणीचं पाणी जिकडे जातं तिकडे कर्दळ. ती आपली आपण वाढते, तिच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

कुंपण तुराट्यांचं. पिकं निघाल्यावर त्या कोणीही देतो. त्यावर गोकर्णाचा वेल सोडला की दोन महिन्यांत तुराटी दिसत नाही.

शेवंतीची गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. रस्त्याकडेच्या शेवंतीला दोन वर्षं नुसती पानं, आणि तिचेच मुनवे (बुडाशी फुटलेली पिलं) घरामागे लावले तर तिथे दिवाळीनंतर फुलांनी वाकलेली. खत तेच, पाणी तेच. शेवटी उलगडा झाला तो रस्त्यावरच्या दिव्याने. शेवंतीला कळी धरायला लांब, अंधारी रात्र लागते, आणि माझ्या वाफ्यावर दिवा रात्रभर जळत होता. आता तिथे गुलबक्षी आहे.

मोगऱ्याचंही असंच. आपल्या लेखात सगळ्या झाडांना नियमित पाणी द्या असं आहे. मोगऱ्याला डिसेंबरात पाणी तोडावं लागतं. मग छाटणी, खत आणि पुन्हा पाणी. असं केलं तर ऐन उन्हाळ्यात, बाकी सगळं करपत असताना, संध्याकाळी ओंजळभर कळ्या मिळतात. बुंध्याशी सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) चार बोटं पसरतो, त्यामुळे पाणी एक दिवसाआड पुरतं. दसऱ्याला झेंडू विकत घ्यायचा नसेल तर बी जूनअखेर टाकावं आणि रोप लागल्यावर महिन्याभराने शेंडा खुडावा. जीव होत नाही, पण खुडावा.

माझ्या बागेतली अर्धी झाडं फुकटची आहेत. नोकरीत असताना दिग्रसच्या अलीकडच्या एका गावात, अगदी थांब्याला लागून, मेमध्ये फुललेली एक जास्वंद होती. गाडी थांबली की मी बघत बसायचो. एकदा धीर करून म्हातारीला फांदी मागितली. ती म्हणाली, "घेऊन जा मास्तर, पण मिरगात लावजा. आधी नोका लावू." मी ऐकलं नाही, मेमध्येच लावली, ती गेली. जूनमध्ये परत मागितली तेव्हा ती इतकी हसली की ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. पेन्सिलीएवढ्या जाडीची वीतभर काडी, खाली ओलं फडकं, तिकिटाच्या पेटीत. घरी बायको विचारायची, "काहून आणता ह्या काड्या?" तगर, बोगनवेल अशीच आली. मोगरा एका शिक्षकांनी दाब कलम करून दिला.

तर विनंती एवढीच. पुण्या-मुंबईच्या बागांवर जरूर छापा, वाचायला बरं वाटतं. पण मृगाच्या आधीचा एक रविवार आमच्या काळ्या मातीला आणि ४५ अंशांच्या उन्हाला द्या. गुलाबाची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, हा चुनखडीच्या जमिनीतला लोहाच्या कमतरतेचा त्रास इथे घरोघर आहे. त्यावर हिराकस (फेरस सल्फेट) किती पाण्यात किती घालावं हे जाणकाराकडून लिहवून घ्या. मी अंदाजाने घातलं आणि एका झाडाची पानं जाळली. म्हणजे आता गुलाब एकच उरला आहे.

आपला,
एक निवृत्त कंडक्टर,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ