राघूची चोच तशीच राहू द्या

फ्रँकफुर्ट, रविवार

तीर्थरूप आप्पांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही बिल्डरच्या चित्राबद्दल सांगत होतात आणि मी नुसती हं-हं करत राहिले. म्हणून आता कागद घेतला.

वाडा पाडायला माझी ना नाही. मागची भिंत दर पावसाळ्यात फुगते, आईचे गुडघे तो जिना चढत नाहीत. माझं भांडण आहे ते नव्या इमारतीच्या दर्शनी बाजूच्या फायबरच्या महिरपींशी. सागवानी रंग मारलेल्या! आणि दिवाणखान्यातले सुरूच्या घाटाचे खरे लाकडी खांब मात्र जुन्या बाजारात जाणार. हा कुठला न्याय?

इथे डोम-रोमर स्टेशनातून वर आलं की चारशे वर्षांपूर्वीच्या गल्लीत आल्यासारखं वाटतं. ती गल्ली खुली झाली 2018 साली! मार्च 1944च्या बॉम्बहल्ल्यांत जुनी वस्ती जळाली, सत्तरच्या दशकात तिथे महापालिकेच्या कचेऱ्यांचं काँक्रीटचं धूड उभं राहिलं. ते पाडून 35 घरं बांधली. 15 जुन्यांसारखी हुबेहूब, 20 आजच्या वास्तुविशारदांची.

सगळ्यात नटलेलं घर 'गोल्डने वागे', म्हणजे सोन्याचा तराजू. मूळचं सतराव्या शतकातलं, बाहेरून येऊन इथे स्थिरावलेल्या एका मसाल्याच्या व्यापाऱ्याचं. खाली लाल वालुकाश्माच्या कोरीव कमानी, वर लाकडी सांगाडा. परक्या गावात आपण आता इथलेच, हे त्याने दगडाकडून वदवून घेतलं असावं. मला तो माणूस फार जवळचा वाटतो, का ते तुम्हाला कळेल.

ऑफिसातला एक मित्र या सगळ्याला डिस्नेलँड म्हणतो. खाली पार्किंग, वर सतरावं शतक! त्याचं अगदीच चूक नाही. हुबेहूब घरं बघताना मलाही कधी कधी नाटकाचा सेट आठवतो. पण ती 20 नवी घरं बघा. उतरती छपरं, अरुंद दर्शनी भिंती, शेजाऱ्याशी जुळतं माप, तरी कुणाची नक्कल नाही. काही भिंतींत मधेच जुन्या घराचा एखादा कोरीव दगड बसवलाय. काळपट, कोपरा उडालेला, आणि बाजूला नवा कोरा दगड. जोड लपवायचा कुणी प्रयत्नही केलेला नाही. मी तिथेच जास्त वेळ रेंगाळते.

तर माझं म्हणणं एवढंच. आपले चार खांब खालच्या प्रवेशाच्या पडवीला लावा, तुळईसकट. वर कौलं घाला आणि तो भार खांबांनाच पेलू द्या. नुसते शोभेला उभे केले तर फायबर काय वाईट? दारावर आपली गणेशपट्टी. महिरप हवीच असेल तर आजच्या सुताराला त्याच्या हाताची कोरू द्या, जुनीची नक्कल नको. खर्च वाढेल, माझ्या वाट्यातून घ्या.

आणि तिसऱ्या खांबावरचा तो राघू दुरुस्त करू नका. दादाच्या चेंडूने चोच उडाली तेव्हा तुम्ही त्याला बदडलंत. चेंडू मी टाकला होता, हे आज सांगते. दिवाळीला त्या राघूच्या पंखांतली धूळ जुन्या टूथब्रशने काढायचं काम माझ्याकडे असायचं, ते उगीच नव्हे.

खांबांची उंची तळखड्यापासून तुळईपर्यंत मोजून कळवा. बिल्डरच्या माणसाला नका सांगू, तुम्हीच मोजा. स्टुलावर मात्र दादाला चढवा.

आईला नमस्कार. मेतकूट पोचलं, अर्धं संपलंसुद्धा.

तुमची,
धाकटी