काका, ओळख लावली नाहीत त्याबद्दल थँक्यू

प्रिय काका,

नाव लिहीत नाही, तुम्हाला आवडायचं नाही, पण गल्लीत रिटायर्ड फौजदार एकच आहे त्यामुळे ज्याला कळायचं त्याला कळेलच.

बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगतो. बाबांचं कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथचं छोटं वर्कशॉप, एका पार्टीकडून जॉबवर्कचा ॲडव्हान्स घेतलेला, निम्मा माल चलनावर गेला, बाकीचा कास्टिंग वेळेत आलं नाही म्हणून रखडला. पार्टीने कोर्टात जायचं सोडून पोलिसात फसवणुकीचा अर्ज टाकला आणि बाबांना फोन आला, संध्याकाळी स्टेशनला या, येताना चेकबुक घेऊन या. चेकबुक! ६८ वर्षांचा माणूस, कधी पोलीस स्टेशनची पायरी चढला नाही, तो फोन ठेवल्यापासून जेवलाच नाही.

आमचे दाजी म्हणाले कशाला घाबरताय, काकांना एक फोन करायला लावू, साहेब त्यांच्या हाताखालचेच असतील, उलट त्या पार्टीलाच बोलवून दम देतील. आम्ही सगळे तेवढ्यासाठीच तुमच्या दारात आलो होतो. आणि तुम्ही चहा पाजून म्हणालात, "त्यांनी पोलीस लावले की दादागिरी, आणि आपण लावले की ओळख व्हय रे?" दाजींचा चेहरा बघण्यासारखा झालेला.

मग तुम्ही जे समजावलंत ते वकिलानेही इतकं सोपं सांगितलं नसतं. फसवणूक म्हणायला पैसे घेतानाच बुडवायचा इरादा पाहिजे, माल उशिरा गेला म्हणजे भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ लागत नाही, आणि निम्म्या मालाची चलनं नि जीएसटी बिलं आपल्याकडे आहेतच. पोलिसांना अर्जाची चौकशी करता येते, ललिता कुमारी केसमध्ये २०१३ ला सुप्रीम कोर्टानेच सांगितलंय की व्यापारी व्यवहारात एफआयआरआधी प्राथमिक चौकशी करता येईल. पण चौकशी म्हणजे गुन्हा दिसतोय का एवढंच बघणं. दिसला तर एफआयआर घ्या, नाही तर अर्जदाराला दिवाणी कोर्टाचा रस्ता दाखवा, मध्ये बसून चेक लिहून घेणं कुठल्याच कायद्यात नाही. बोलवायचं तर लेखी बोलवा, आरोपी म्हणून असेल तर बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या) कलम ३५ ची नोटीस, साक्षीदार म्हणून असेल तर १७९ ची, आणि १७९ मध्ये तर ६० च्या पुढच्या माणसाला स्टेशनला यायची सक्तीच नाही, घरी येऊन विचारायचं. हे ऐकल्यावर बाबांनी दुसरा कप चहा मागितला 😄

तुम्ही पोलिसांना शिव्या घातल्या नाहीत हेही मला आवडलं. म्हणालात, स्टेशनला रोज भाऊबंदकीचे, भाडेकरूचे, उसनवारीचे अर्ज येतात, लोकांनाच कोर्टाच्या तारखा नको असतात, खाकी बघून समोरचा पैसे टाकेल एवढाच हिशोब. एप्रिल २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने उत्तर प्रदेश पोलिसांना दिवाणी भांडणांचे फौजदारी गुन्हे करण्यावरून झापलं ते पण तुमच्याकडूनच कळलं.

स्टेशनला पत्र तुम्ही सांगितलं तसंच दिलं, लेखी नोटीस द्या, पूर्ण सहकार्य करू, आणि पोहोच घेतली. नोटीस आली नाही, फोन बंद झाले. परत त्रास झाला तर हायकोर्टासाठीही आता मुंबईला जायला नको, ऑगस्ट २०२५ पासून त्याचं सर्किट बेंच इथेच सीपीआर हॉस्पिटलसमोर आहे हे तुमचं वाक्य बाबा येईल त्याला सांगतात. पार्टीने आता कसबा बावड्याच्या कोर्टात दावा लावलाय. खरं सांगायचं तर ॲडव्हान्समधले काही पैसे द्यावे लागतील असं आमचे वकील म्हणतात, लागले तर देऊ, पण ते जजसाहेब कागद बघून ठरवतील.

मिठाईचा बॉक्स तुम्ही परत पाठवलात म्हणून हे पत्र. आणि एक आधीच सांगून ठेवतो, बाबा हल्ली उद्यमनगरात ज्याला त्याला तुमच्या घराचा पत्ता देत सुटलेत, त्यामुळे दुपारच्या झोपेचं काही खरं नाही.

तुमचा,
गल्लीतलाच एक पोरगा