पाठकोरा कागद

महोदय,

वारसाच्या दाव्यासाठी वकिलांच्या कार्यालयात गेले होते. कारकुनाने मसुदा हातात दिला. सहज उलटून पाहिला, तर मागे दुसऱ्याच बाईच्या घटस्फोटाच्या अर्जाचे पान! तिचे नाव, बँक खाते, गर्भपाताची तारीखसुद्धा. पाठकोरे कागद वापरण्याची काटकसर घरी ठीक, इथे मुळीच नाही. मी तो कागद तिथेच फाडायला लावला. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३च्या कलम १३२नुसार अशिलाची गुपिते राखण्याचे बंधन वकिलाप्रमाणेच त्याच्या कारकुनावरही आहे आणि काम संपल्यावरही ते सुटत नाही. माझी पाने आज कुणाच्या मसुद्यामागे असतील, या विचाराने झोप लागत नाही. वकील संघटनांनी प्रत्येक कार्यालयात कागदाचे तुकडे करणारे यंत्र सक्तीचे करावे.

– एक अशील